मुक्याची फिर्याद

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील घोडेस्वारांची आणि बंदूकबाजांची जी कथा इटालियन दिग्दर्शकांनी १९६० नंतरच्या दशकात आपल्या हाती घेतली, ती मुळात एका श्रद्धाळू राष्ट्राची कथा होती. उशिरा का होईना, कोणी सत्शील नेमबाज गावात येईल, दुर्जनांचे पारिपत्य करील आणि सामान्य माणसाचा संसार कायद्याच्या छत्राखाली निर्वेध चालू लागेल, असे आश्वासन तिच्या पोटात असे. सेर्जिओ लिओने याने १९६४ साली ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ काढला, तेव्हा स्पेनमधील अल्मेरियाच्या रखरखीत माळावर हे आश्वासन पुरते हादरले. परंतु लिओनेचा नायक कितीही मतलबी असला तरी अखेर जिंकतो आणि त्या विजयाची धुंदी प्रेक्षकालाही चढते. ती धुंदी उतरल्यावर मन ज्याच्याकडे पुनःपुन्हा ओढ घेते, तो माझ्या लेखी सेर्जिओ कोर्बुची. त्याच्या १९६६ मधील ‘जँगो’चा नायक घोड्यावरून दिमाखात येत नाही, आपल्यामागे शवपेटी ओढीत, चिखल तुडवीत, पायी येतो.

१९६८ सालच्या ‘द ग्रेट सायलेन्स’मध्ये मात्र चिखलाचाही आधार उरलेला नाही, तिथे दृष्टी पोहोचेल तेथवर केवळ बर्फ आहे. इटलीतील डोलोमाइट पर्वताच्या परिसरात टिपलेला हा प्रदेश कथेत यूटा म्हणून येतो. घोडा त्या बर्फात इतका रुतलेला असतो, की प्रत्येक पाऊल त्याला अंगातले बळ एकवटून उपसावे लागते, आणि त्याच्या पाठीवरचा माणूस काळ्या ठिपक्यासारखा त्या अफाट पांढरेपणातून सरकत राहतो. वाळवंटातील चित्रपटांत क्षितिज म्हणजे निदान पळून जाण्याची एक दिशा असते. इथे आकाश आणि भूमी यांची सीमाच पुसलेली असल्याने पळणाऱ्याला दिशाही नाही.

भुकेने हैराण होऊन डोंगरात दडलेली माणसे या मुलुखात फरारी ठरलेली आहेत, त्यांच्या शिरावर सरकारी इनाम लागलेले आहे, आणि त्यांची शिकार हा काही लोकांचा राजरोस धंदा झाला आहे. त्या धंद्यातला अग्रणी लोको. क्लाउस किन्स्कीने त्याला आरडाओरड करायला लावलेली नाही; हिशेबनीस जमाखर्च तपासतो तशा थंडपणे, प्रसंगी सौजन्यानेही, तो माणसे मारतो. मारलेल्यांची प्रेते वाटेवर बर्फाखाली ठेवून द्यायची, म्हणजे ती नासत नाहीत, आणि मग सवडीने टपालगाडी थांबवून तिच्या टपावर लादायची व इनाम वसूल करायचे, अशी त्याची रीत. त्याच गाडीत नवा शेरीफ बसलेला असतो, तो हे सारे पाहतो आणि रागाने तळमळतो. पण त्याला बोट ठेवायला जागा सापडत नाही, कारण लोकोच्या कृत्यात बेकायदा असे काहीच नसते. खुनाला दप्तरी मान्यता मिळाल्यावर सज्जन अंमलदाराच्या हातात काय उरते, हा प्रश्न कोर्बुचीने भाषणावाचून, टपावरच्या त्या थिजलेल्या देहांनी विचारला आहे.

या साऱ्याविरुद्ध उभा राहतो तो सायलेन्स. लहानपणी त्याच्या आईबापांना अशाच इनामखोरांनी मारले, आणि पोराने पुढे साक्ष देऊ नये म्हणून त्याचा गळा चिरून वाचा कायमची नेली. फिर्याद ज्याने करायची त्यालाच मुका करून टाकल्यावर त्याच्यापाशी उरते ते एक माउझर पिस्तूल. प्रतिस्पर्ध्याला आधी हत्यार उपसायला भाग पाडून मगच तो गोळी झाडतो, म्हणजे स्वसंरक्षणाची सबब कागदोपत्री शाबूत राहावी. ज्या कायद्याच्या आश्रयाने लोको जगतो त्याच कायद्याची कड धरून त्यालाही चालावे लागते, आणि नायक व खलनायक यांच्यातले हे भीषण साम्य आपल्याला मुळीच सुखाने बसू देत नाही. त्या काळी इटलीत संवाद बहुधा मागाहून ध्वनिमुद्रित होत, पडद्यावरचा चेहरा एकाचा आणि कंठ दुसऱ्याचा असे. जाँ-लुई त्रँतिन्याँ या फ्रेंच नटाने मात्र ही भूमिका निव्वळ डोळ्यांनी पेलली आहे.

पोलीन ही सायलेन्सला पाचारण करणारी कृष्णवर्णीय विधवा. व्होनेटा मॅगीने तिचे दुःख फार संयमाने धरले आहे. जखमी सायलेन्सची शुश्रूषा करताना ती त्याच्या गळ्यावरच्या व्रणाजवळ येते, आणि एन्निओ मॉरिकोनेचे संगीत, जे अन्यत्र शीळ आणि चाबूक यांनी गर्जत असते, तिथे अंगाईइतके मृदू होते. या प्रकारच्या चित्रपटांना निर्दय म्हणणाऱ्यांनी हे दृश्य नीट पाहावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

ही विषण्णता पोकळ शोभेसाठी आणलेली नव्हती. याच प्रकारातला ‘जँगो किल’ (१९६७) काढणारा दिग्दर्शक जूलिओ क्वेस्ती दुसऱ्या महायुद्धात पार्टिझन म्हणून लढला होता, आणि हुकमाच्या नावाखाली माणूस माणसाचे काय करतो हे त्याच्या पिढीने आपल्याच गावांत, आपल्याच डोंगरांत पाहिले होते.

‘द ग्रेट सायलेन्स’च्या अखेरीस हात निकामी झालेला सायलेन्स मरतो, त्याचे पिस्तूल उचलणारी पोलीन मरते, आणि ओलीस धरलेली भुकेली माणसे बांधलेल्या स्थितीत गोळ्यांना बळी पडतात, लोको ते माउझर घेऊन निघून जातो. प्रेक्षकांचा हिरमोड होऊ नये म्हणून कोर्बुचीकडून दुसरा, सुखान्त शेवटही चित्रित करून घेण्यात आला होता. त्यात शेरीफ ऐन वेळी घोडा दौडवीत येतो आणि सर्वांचा बचाव होतो. पण त्याच शेरीफला लोकोने गोठलेल्या तळ्यात बुडवलेले आपण थोड्याच वेळापूर्वी पाहिलेले असते. मेलेल्याला परत आणल्यावाचून इथे न्याय होऊ शकत नव्हता, याची याहून स्पष्ट कबुली तो शेवट जुळवणाऱ्यांकडूनही मिळण्यासारखी नव्हती.