सुपीरियरकाठची वादळी रात्र

बँकेच्या नोकरीत तारणाचा विमा उतरवलेला असल्याची खात्री केल्याशिवाय मी कधी कर्जाच्या कागदावर सही केली नाही. अशा माणसाने गेल्या जुलैत मिनियापोलिसला, भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर, जादा विमा कशाला म्हणून मुलाशी वाद घातला. गाडी म्हणजे आरव्ही, चाकांवरचे घर. लांबी पंचवीस फूट. आत निजण्याची सोय, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणीघर. भाडे दिवसाचे, शिवाय मैलामागे आकार आणि जनरेटरचे तासाला वेगळे पैसे. माझी मनातल्या मनात बेरीज चालूच होती. विमा मुलाने घेतलाच.

सौ.ला या गाडीचे एकच मोठे सुख वाटले: स्वयंपाकघर आपले. पदार्थात कांदा-लसूण, अंडे नाही ना, असे दारोदार विचारायला नको. शिवाय त्या दिवसांत तिकडे सूर्य मावळतो रात्री नऊच्या सुमारास. चौविहार पाळणाऱ्याला इतकी ऐसपैस संध्याकाळ आपल्याकडे मिळणे नाही.

पहिला मुक्काम डुलूथ. तेथील कालव्यावरचा पूल १९०५ सालचा. पण मधला भाग सबंध वर उचलला जाण्याची आजची रचना १९३० च्या सुमाराची. आम्ही काठावर उभे असताना लोखंडाचे खनिज नेणारे एक लांबच लांब जहाज आले. त्याने भोंगा दिला, पुलाने भोंग्यानेच उत्तर दिले आणि रस्ता अधांतरी वर गेला. अटलांटिक महासागर येथून जलमार्गाने साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे, तरी हे बंदर आहे. सुपीरियरला सरोवर म्हणायचे ते केवळ पाणी गोडे म्हणून! क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथाईहून जास्त. भर उन्हाळ्यातही त्यात पाय बुडवला तर नडगी ठणकते.

संध्याकाळी टू हार्बर्स गावी अगदी काठावर जागा मिळाली. मुलाने चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवून गाडी समतल केली, विजेची तार व पाण्याची नळी जोडली, आणि बटण दाबून बाजूचे कापडी छप्पर उघडले. त्याच्या दांड्यांवर सौ.ने टॉवेल वाळत घातले. वारा इतका पडलेला, की टॉवेलाची कडसुद्धा हलत नव्हती. निजताना मुलगा छप्पर गुंडाळायला निघाला. "राहू दे रे, टॉवेल ओले आहेत," मी म्हणालो.

रात्री एकच्या सुमारास सर्वांचे फोन एकदम किंचाळू लागले. वादळाचा इशारा होता. पाहता पाहता गाडी पाळण्यासारखी हेलकावू लागली. छप्पर शिडासारखे फुगे आणि त्याचा दांडा गाडीवर आपटे. मुलाने रेनकोट चढवला. मी दारात आडवा झालो. "जाऊ नकोस, विमा आहे ना!"

"छप्पर विम्यात येत नाही, पप्पा," तो म्हणाला आणि उतरला.

खिडकीतून विजेच्या उजेडात तो दिसे, पुन्हा नाहीसा होई. दांडा वाकल्यामुळे बटणाचा उपयोग राहिला नव्हता. सौ. नवकार म्हणत होती. माझ्या तोंडी तोही येईना. ओल्या टॉवेलांसाठी मी मुलाला बाहेर लोटले, एवढेच मनात घोळत होते. शेजारच्या गाडीतला एक अनोळखी गृहस्थ न बोलावता दोर घेऊन आला. दोघांनी मिळून छप्पर कसेबसे आवळून बांधले. मग मुलाने आम्हां दोघांना तळावरच्या पक्क्या बांधणीच्या स्नानगृहात नेले. तेथे दहा-बारा कुटुंबे चादरी पांघरून उभी होती. उजेडात पाहिले तेव्हा त्याचा तळहात फाटला होता.

दुसऱ्या दिवशी स्प्लिट रॉक दीपगृह पाहिले. नोव्हेंबर १९०५ च्या वादळात या सरोवरावर २९ जहाजे बुडाली किंवा मोडली. काँग्रेसने ७५,००० डॉलर मंजूर केले. रस्ता नसल्याने सारे सामान जहाजातून आणून सुमारे १३० फुटी कड्यावर चढवावे लागले. १९१० मध्ये दिवा लागला आणि दर दहा सेकंदांना एक झोत पडू लागला. १९६९ मध्ये तो निवृत्त झाला. मात्र दर १० नोव्हेंबरला तो पुन्हा लावतात. १९७५ साली त्याच तारखेला एडमंड फिट्झजेराल्ड हे जहाज बुडून २९ माणसे गेली. त्यांची नावे वाचून घंटा वाजवतात.

१९०५ मध्ये नुकसान झालेली कित्येक जहाजे एका बड्या पोलाद कंपनीची होती आणि त्यांचा विमाच नव्हता, हे मार्गदर्शक बाईंनी सांगितले तेव्हा मुलाने माझ्याकडे पाहिले नाही. मुद्दामच पाहिले नसावे.

गाडी परत करताना काउंटरवर दांड्याचे ६४० डॉलर मागितले. पट्टी बांधलेल्या हाताने मुलगा पाकीट काढू लागला, त्याआधी मी माझे कार्ड पुढे केले. तो काही बोलला नाही.