सिरसाळ्याच्या वाड्यातली पिकअप

परळीच्या स्टँडवरून बीडकडे जाणारी एस.टी. पकडावी. पांगरी मागे पडते, बालाघाटाचे डोंगर पाठीशी राहतात आणि गोदावरीच्या खोऱ्यातली काळी जमीन दोन्ही हातांना पसरत जाते. तेलगाव यायच्या बरेच आधी कंडक्टर हाक देतो, "सिरसाळाऽ!" आणि पिशव्या सावरीत आपण खाली उतरतो.

सिरसाळ्याला पाहण्यासारखे काय आहे, असे मला पुण्यात नेहमी विचारतात. परळीला वैजनाथाचे ज्योतिर्लिंग आहे. अंबाजोगाईला योगेश्वरी आहे, मुकुंदराजांची समाधी आहे. सिरसाळ्याला माझे मामा आहेत. आणि मामांच्या वाड्यात, लिंबाच्या झाडाखाली, १९९३ सालापासून एकाच जागी उभी असलेली एक पिकअप गाडी आहे.

लहानपणी सुटीत आम्ही भाचरे तिच्यात बसून मुंबईपर्यंत जाऊन येत असू. चाके जमिनीत रुतलेली होती, पण आमच्या प्रवासात त्याने कधी खोळंबा झाला नाही. पुढे कोंबड्यांनी तिचा ताबा घेतला. मामी तिच्या हौद्यात गोवऱ्या रचू लागल्या. आजोबा गेले त्या वर्षी ती थांबली, एवढेच आम्हांला ठाऊक होते.

मामांनी उभा जन्म एस.टी.च्या आगारात मेकॅनिक म्हणून काढला. निवृत्त झाल्यावर माणसे तीर्थयात्रेला जातात. मामांनी गोवऱ्या हलवल्या, कोंबड्यांना नवा खुराडा करून दिला आणि मला पत्र नव्हे, पण फोन केला, "मे महिन्यात ये. गाडी खोलायलोय."

२०२५ च्या मे महिन्यात मी पोचलो, तेव्हा निम्मी गाडी अंगणात पोत्यांवर मांडलेली होती. लग्नघरात भांडी मोजून ठेवावीत तसे नटबोल्ट डालड्याच्या जुन्या डब्यांतून वेगळे ठेवले होते आणि प्रत्येक डब्यावर खडूने नाव लिहिले होते.

ही गाडी म्हणजे महिंद्रांची एफ.सी. १५०. मूळची ती अमेरिकेची. विलीज कंपनीने १९५६ च्या अखेरीस ओहायोतल्या टोलीडो गावी ती प्रथम बाजारात आणली. तिचे रूप ठरविण्यात ब्रूक्स स्टीव्हन्स या नामवंत आरेखनकाराचा हात होता. महिंद्रांनी १९४७ सालापासून मुंबईत विलीजच्या जीपगाड्यांची जुळणी सुरू केली होती. १९६५ साली त्यांनी ही पिकअपही आणली. आजोबांनी ती पुढे चारपाच वर्षांनी, दुसऱ्याच्या हातची घेतली.

दिसायला मोठी गमतीची. नाक म्हणून नाहीच. ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या डोक्यावर बसतो आणि इंजिन त्याच्या मांडीशेजारी, एका झाकणाखाली. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर जेमतेम ८१ इंच, म्हणजे दोन मीटरच्या किंचित वर. एवढ्याशा लांबीत जास्तीत जास्त हौदा मिळावा म्हणून ही सारी खटपट. तिचा दोषही त्यातूनच येतो. सगळे वजन पुढे असल्यामुळे गाडी रिकामी असताना जोरात ब्रेक दाबला, की मागचा भाग हलका पडतो. "ओझं असलं की ही शहाणी असती," मामा म्हणाले. "मोकळी सोडली की बिथरती. माणसासारखंच हाय."

मला वाटले होते, प्रथम इंजिन चालू करतील. मामांनी प्रथम ब्रेक काढले. चारी चाकांतले सिलिंडर गंजून घट्ट बसले होते, रबरी वॉशर दगड झाले होते. "आधी थांबायला शिकवावं, मग पळायला," असा त्यांचा आगारातला नियम. आठवडाभर आमचे सारे श्रम गाडी थांबविण्यासाठी चालले होते आणि ती तर बत्तीस वर्षे थांबलेलीच होती! पण हे बोलून दाखविण्याचे धाडस मी केले नाही.

इंजिन जाम होते. चारी प्लग काढून भोकांतून रॉकेल आणि ऑईल यांचे मिश्रण ओतले आणि वर कापडाचे बोळे बसविले. रोज सकाळी चहा झाला, की क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून मामा हलकेच जोर देऊन पाहत. जास्त जोर लावला, तर पिस्टनच्या रिंगा तुटायच्या. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी पाना बोटभर सरकला. मामांनी तो तसाच सोडून दिला आणि घरात जाऊन मामींना सांगितले, "हललं." मामींनी त्या दिवशी शिरा केला.

या इंजिनाचे नाव हरिकेन. चार सिलिंडर, १३४ घन इंच, म्हणजे सुमारे २.२ लिटर, आणि ७५ अश्वशक्ती. त्याची रचना वेगळी आहे. हवा आणि पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व वर हेडमध्ये, धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. "पुढचं दार माडीवर, मागचं तळघरात," मामांनी मला समजावून सांगितले. ते व्हॉल्व आपापल्या बैठकीवर पेस्ट लावून घासायचे असतात. रबरी टोकाची काठी व्हॉल्वला चिकटवायची आणि तळहातांत धरून रवीसारखी फिरवायची. आठ व्हॉल्व, दोन दिवस. नंतर फटी मोजायच्या. इनलेटला १८ थाऊ, एक्झॉस्टला १६. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ज्या अंगणात ज्वारी पायलीने मोजत, तिथे आम्ही इंचाचे हजार भाग करीत बसलो होतो.

सुट्या भागांची यादी घेऊन मी मध्येच पुण्याला गेलो. तिथला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. हेच इंजिन महिंद्रांच्या जीपमध्येही पुष्कळ वर्षे होते, म्हणून गॅस्केट, पाण्याचा पंप, डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट ही मंडळी चटकन सापडली. पण खास पिकअपची अशी पुढच्या काचेची रबरपट्टी कुठेच मिळेना. ती मामांनी ट्रकच्या रबरातून कापून काढली. तळाचा पत्रा गंजून जाळी झाला होता. तो कापून नवा जोडला, वर रेड ऑक्साईडचा हात दिला.

गावातले एक जुने मिस्त्री रोज संध्याकाळी पाहायला येत. त्यांचे म्हणणे सरळ होते, "पेट्रोलचं इंजिन फेका, डिझेल टाका. सगळ्यांनी तेच केलं." ते खरेच होते. पेट्रोल परवडेना, तेव्हा मराठवाड्यातल्या कितीतरी जीपगाड्यांची हृदये अशीच बदलली गेली. मामा म्हणाले, "बापाचा आवाज ऐकायचाय, दुसऱ्याचा न्हाई."

पेट्रोलचीही एक कथा झाली. आता पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या काळच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने नरम पडतात, आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते म्हणून टाकीही गंजते. सगळ्या नळ्या बदलाव्या लागल्या. हे इथेनॉल मुख्यतः उसापासून आणि धान्यापासून होते. आणि ऊस तोडायला दर हिवाळ्यात घरदार गाडीत घालून कोण जाते? आमच्या बीड जिल्ह्याचीच माणसे. "आपल्याच लोकांनी तोडलेला ऊस," मामा नळीला क्लिप लावीत म्हणाले, "फिरून आपल्याच टाकीत आला बघ."

मग ठोकपीट करणारा पोरगा आला. दारे, मडगार्ड त्याने सुरेख सरळ केली आणि हातोडी घेऊन हौद्याकडे वळला. हौद्याच्या तळाला ओळीने गोल खड्डे पडले होते. मामा ओरडले, "तिथं हात लावू नको!"

ते खड्डे १९७२ चे होते. त्या दुष्काळात पाऊस सलग तिसऱ्यांदा हुलकावणी देऊन गेला होता. विहिरी कोरड्या, माणसे रस्त्यांच्या आणि तलावांच्या कामावर खडी फोडीत होती, पोरे सुकडीवर जगत होती, घरोघर लाल मिलोच्या भाकऱ्या होत होत्या. आजोबांची पिकअप पाण्याची पिंपे घेऊन दिवसातून चार-चार खेपा करी. भरलेले पिंप खडकाळ वाटेवर आदळे आणि दर आदळण्याला पत्रा थोडा खचे. आमच्या शेजारच्या आजी एका दुपारी काठी टेकीत आल्या, त्या खड्ड्यांवरून हात फिरवून म्हणाल्या, "माझा थोरला हिच्यातच झाला असता. अंबाजोगाई गाठली म्हणून वाचले." एवढे बोलून त्या गेल्या. ठोकपीटवाल्या पोराने हातोडी खाली ठेवली.

कागदांचे काय, हा प्रश्न मीच काढला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या ऐतिहासिक वाहनांसाठी नियम केले, हे मी वाचले होते. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले वाहन असेल, तर २० हजार रुपयांत दहा वर्षांची वेगळी नोंदणी मिळते. प्रदर्शनाला, मेळाव्याला ते रस्त्यावर आणता येते. मी मोठ्या उत्साहाने नियम मोठ्याने वाचू लागलो आणि अर्ध्यावरच अडलो. तो नियम दुचाकींना आहे आणि माणसे वाहून नेणाऱ्या चारचाकींना आहे. मालवाहू गाडीला नाही.

म्हणजे एखाद्या संस्थानिकाची, शिकारीला गेलेली मोटार हा वारसा. आणि दुष्काळात गावाला पाणी पाजणारी गाडी? तिच्यासाठी रकाना नाही. एका कचेरीत मामांना सल्ला मिळाला होता, "काका, भंगारात द्या. किलोवर चांगला भाव आहे."

मला वाटले, मामा चिडतील. ते हात पुसत म्हणाले, "बरोबरच हाय की. ती शोभेची नव्हतीच कधी."

माझी रजा संपली. इंजिन हेडविना उघडेच ठेवून मी परत आलो. पुढे सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस असा कोसळला, की गोदावरीकाठची पिके पाण्याखाली गेली. ज्या मातीने १९७२ साली थेंबासाठी तोंड वासले होते, ती पाण्याने कुजली. मामांच्याही सोयाबीनचे निम्मेअधिक गेले. मला वाटले, गाडी आता राहिली.

२ ऑक्टोबरला दसरा होता. मी आदल्या रात्री पोचलो. सकाळी मामींनी गाडीला हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवले. मामांनी चोक ओढून स्टार्टर दाबला. एकदा, दोनदा, पाचदा. मिस्त्री मान हलवू लागले. सहाव्या वेळी तिने एक मोठा ठसका दिला, निळ्या धुराने अंगण भरले, कोंबड्या दाही दिशांना पळाल्या आणि इंजिन चालू लागले! मामा स्टिअरिंगवर हात ठेवून डोळे मिटून नुसते ऐकत बसले. कितीतरी वेळ कुणी त्यांना हाक मारली नाही.

सडकेवर तिला नेता येत नाही, कागद नाहीत. पण वाड्याचे मागले दार थेट आमच्याच वावरात उघडते. मामा त्या दारातून तिला बाहेर काढून खळ्यापर्यंत घेऊन गेले. पावसातून वाचलेली सोयाबीनची चार पोती तिथे होती. आम्ही ती हौद्यात चढविली, बरोबर त्या खड्ड्यांवर. ओझे पडल्यावर गाडी खरोखरच शहाण्यासारखी चालू लागली.

अंगणात पोती उतरवून झाल्यावर मामांनी मला आपट्याची पाने दिली, आणि दोन पाने गाडीच्या काचेपाशी ठेवली.