जंबेरीचा मालक

आमच्या अमरावतीच्या घरी अंगणात संत्र्याचं झाड आहे, असं मी कित्येक वर्षं लोकांना सांगत होतो. ते जंबेरीचं होतं. ओळखलं तेही मी नाही, बायकोच्या मामांनी. त्यांची मोर्शीकडे बाग आहे. झाडाखाली उभं राहून त्यांनी एक पान चुरगाळून हुंगलं, काट्यावर बोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, यात संत्रं कुठाय? जंबेरी पोसून राहिले तुम्ही."

संत्र्याचं कलम म्हणजे एकावर एक बसवलेली दोन झाडं, हे मला ऐकून माहीत होतं. या जिल्ह्यात राहून ते कानावर न पडणं अवघडच. खाली जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा खुंट, त्यावर बांधलेला संत्र्याचा डोळा. मुळं खुंटाची, फळं डोळ्याची. पण प्रत्यक्ष कलम हातात आलं तेव्हा तो डोळ्याचा सांधा मला रोपाची जखम वाटला. जखम उघडी कशी ठेवायची, म्हणून मी तो मातीत गाडला आणि आधार म्हणून बुंध्याशी शेणखताचा ढीग रचला. सांधा जमिनीपासून वीतभर वर राहायला हवा. मातीत गेला की तो सदा ओला राहतो आणि बुरशीला आयती वाट मिळते. वर्षभरात वरचं संत्रं मान टाकत गेलं आणि खालून खुंटाला फूट आली.

त्या फुटीचं मला कोण कौतुक! सरळसोट वाढलेल्या फांद्या, जांभळट कोवळी पालवी आणि हाताला रक्त काढतील असे काटे. संत्र्याला काटे अगदी थोडे असतात. पण 'जातिवंत झाड दिसतंय' असं मीच शेजाऱ्यांना सांगत होतो. पुढे नव्या फुटीला जोर मिळावा म्हणून वरची सुकत चाललेली फांदी मी स्वतःच्या हाताने छाटली. पैसे देऊन आणलं ते छाटलं आणि फुकट आलं ते वाढवलं. मग कळ्या आल्या, त्याही बाहेरून जांभळट. संत्र्याचं फूल पांढरंशुभ्र असतं. शेवटी फळ धरलं, जाड सालीचं, खडबडीत, दात आंबतील असं. तरीही मी गोडीसाठी कोणतं खत घालावं याची चौकशी करत फिरत होतो.

दुसरं कलम मामांनी निवडून दिलं आणि समोर उभं राहून लावून घेतलं. सांधा वर होता. आता चुकायला काही उरलं नाही, अशी माझी समजूत झाली.

पाणी उरलं होतं. आमची जमीन काळी, एकदा भिजली की लवकर सोडत नाही. मी बुंध्याभोवती खोलगट आळं केलं आणि रोज संध्याकाळी ते नळीने काठोकाठ भरू लागलो. पानं पिवळी पडली की पाणी वाढवायचो. मुळांना हवाही लागते आणि चिखलात ती गुदमरून कुजतात, हा विचार मनात आला नाही. कारण कुजलेल्या मुळांचं झाडही वरून तहानलेल्यासारखंच दिसतं. पावसाळ्यात बुंध्याशी डिंकाचे थेंब दिसले. बाभळीला येतो तसा यालाही येत असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. तो डिंक्या होता. हा रोग आणणारा फायटोप्थोरा नावाचा बुरशीसारखा जीव पाण्यातून पसरतो आणि ओल्या खोडाची साल कुजवतो.

मामांनी चाकूने कुजलेली साल जिवंत भागापर्यंत खरवडली आणि बोर्डो मलम लावलं. बागेसाठी ते 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी घेतात. आमच्या एका झाडाला 100 ग्रॅम, 100 ग्रॅम आणि 1 लिटर पुरलं. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडाच्या नाही. मग एकत्र करून त्यात लोखंडी खिळा बुडवायचा. त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडलाय. पावसाळ्याआधी आणि नंतर हा लेप खोडाला गुडघ्याच्या वरपर्यंत लागतो. आळंही त्यांनी मोडून दुहेरी केलं. खोडाभोवती मातीची भर, तिच्याबाहेर पाण्याची चर. पाणी खोडाला शिवतच नाही.

यानंतरची चूक मात्र मी कळून केली. डिसेंबरात मामा म्हणाले, "आता पाणी तोडा. महिना-दीड महिना झाड ताणावर राहू द्या." आंबिया बहार हवा तर थंडीत झाडाची वाढ थांबायला हवी. त्या काळात फांद्यांत अन्न साठतं आणि ताण सोडून पाणी दिलं की फूल निघतं. भारी जमिनीला हा ताण जास्त दिवस लागतो. हे सगळं पटलं होतं. पण पानं मलूल दिसू लागली आणि मला राहवेना. अंधार पडल्यावर एखादी बादली ओतायचो, बायकोला कळू न देता. जानेवारीत झाड पालवीने भरून गेलं. फुलं शोधावी लागली. मामांना मी अवकाळी पावसाचं कारण सांगितलं. मोर्शी इथून फार लांब नाही आणि आपल्या बागेत पाऊस पडला की नाही हे त्यांना ठाऊक असणार, हे मला बोलून गेल्यावर सुचलं.

संत्र्यावरही येणारी लिंबावरच्या फुलपाखराची अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. ती मी कितीदा तरी तशीच सोडली. कोवळी पानं संपल्यावर कळलं. आता सकाळी पानं उलटून पाहतो आणि सापडेल ती अळी वेचतो.

जंबेरी अजून उभी आहे. तिच्या सोटावर हिवाळ्यात संत्र्याचा डोळा बांधून देतो, असं मामा म्हणाले होते. घरातून विरोध झाला. तिचा रस सरबताला चालतो आणि संत्र्याचा अजून भरवसा नाही, असं बायकोचं म्हणणं. ते खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं.

मध्यंतरी भाच्याला कलम हवं होतं, म्हणून त्याला घेऊन रोपवाटिकेत गेलो. मी एकेक पिशवी उचलून सांध्याखाली वीत लावून पाहत होतो. दोन-तीन चांगली बाजूलाही काढली. बुटकी होती, पण सांधा उंच आणि खोड स्वच्छ. भाच्याला सगळ्यांत उंच, हिरवंगार दिसणारं हवं होतं. त्याचा सांधा मातीला टेकलेला आणि खालून दोन फुटवे. मी बोललो. "मामा, किती तरारलंय बघा ना," म्हणत त्याने पैसे देऊनही टाकले.