केडगावला, आत्यासोबत

केडगावला जायचं तर पुण्याहून दौंडकडे जाणारी साधी गाडी बरी. प्रत्येक स्टेशनावर थांबते, चढणारे-उतरणारे एकमेकांना नावानं हाका मारतात, आणि हडपसर, मांजरी, लोणी मागे पडलं की खिडकीबाहेर ऊस सुरू होतो. शेजारी आत्या बसली होती. सगळी नोकरी नगरला नर्स म्हणून झालेली. काचबिंदूनं डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली आहे, उजव्याची कडेकडेनं चालली आहे. गेलेली परत येत नाही, राहिलेली सांभाळायची, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला एकदा केडगावला, मुक्तीला घेऊन चल."

आम्हा प्रोटेस्टंटांत नवस नसतात. पण आत्याचा सूर नवसाचाच वाटला, म्हणून मी थोडे दिवस टाळलं. ती मागे लागली नाही. फक्त दर रविवारी उपासनेनंतर "गाडी किती वाजता असते रे?" एवढं विचारायची.

यवतच्या पुढे कुठंतरी गुळाचा वास डब्यात शिरला. "गुऱ्हाळं लागली वाटतं," आत्या म्हणाली. मला बाहेर अजून काही दिसलं नव्हतं.

केडगाव आता कांद्याच्या बाजाराचं गाव आहे. स्टेशनाबाहेर गोण्या, टेम्पो, चहाच्या टपऱ्या. त्यातून पंडिता रमाबाई मुक्ती मिशनच्या आवारात शिरलं की एकदम झाडं आणि सावली. रमाबाईंनी इथली जमीन घेतली ती आश्रमासाठी नव्हेच. १८८९ साली मुंबईत सुरू केलेलं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला आणलेलं शारदा सदन, म्हणजे त्यांची विधवांसाठीची शाळा, अमेरिकेतल्या मंडळींच्या मदतीवर चाले. ती मदत दहा वर्षांच्या बोलीची होती, १८९८ ला संपणारी. बाईंनी आधीच हिशेब केला आणि फळबाग लावायला घेतली, म्हणजे पुढे बागेच्या उत्पन्नावर शाळा चालेल. प्रार्थनेवर जगणाऱ्या बाई म्हणून त्यांची ख्याती आहे. ती खरीच आहे, पण सांगणारे बागेचं सांगायला विसरतात.

बाग हाती येण्याआधी १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवायला सरकारची मनाई. मग त्या सगळ्या या उघड्या शेतावर आल्या, आणि शेताचं मुक्ती सदन झालं. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर इथली वस्ती हजाराच्या वर गेली. पैसा येई, पण कधी, किती, हे आधी ठाऊक नसे.

इथवर मला सगळं पटतं. मी अडतो तो त्याच्या आधी. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरले. देवावर त्यांच्याइतका भार कुणी टाकला असेल? दानधर्म, उपासतापास, अनुष्ठानं यांत होतं नव्हतं ते गेलं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात या कुटुंबानं रानातला पाला खाल्ला. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. पुढे १८८० साली भाऊ, १८८२ साली नवरा. भरवसा कसा फुकट जातो हे ज्या मुलीनं इतकं जवळून पाहिलं, तिनं १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन पुन्हा देवावरच भार टाकला. हे मला आजही सरळ उलगडत नाही.

संग्रहालयात त्यांच्या वस्तू आहेत. तिथं उभं राहून मी आत्याला हे सगळं बोलून दाखवलं. जरा तावातावानंच.

ती म्हणाली, "इंग्लंडला कशाला गेल्या होत्या?"

"डॉक्टर व्हायला."

"मग?"

"कानानं कमी ऐकू यायचं. ते राहून गेलं."

"मागितलं नसेल का त्यांनी ऐकू येऊ दे म्हणून?" असं म्हणून ती पुढे सरकली. काचेला नाक लावल्याशिवाय तिला काही दिसत नव्हतं.

कान सुधारले नाहीत. उतारवयात बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. छपाई इथंच, मुक्तीच्या छापखान्यात, इथल्याच बायकांच्या हातून. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती द्यायची तीच. अनुवादाचं काम मात्र बाईंनी तडीला नेलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

अंध बायकांसाठी इथं पूर्वीपासून सोय होती. तिला नाव दिलं यरीहोच्या वाटेवर येशूला हाका मारणाऱ्या आंधळ्या बार्तीमयाचं. आवारात एका कट्ट्यावर अशाच एक वयस्कर बाई भेटल्या. आत्या शेजारी बसली, नाव-गाव झालं, आणि मग तिनं सरळच विचारलं, "अंधाराची सवय होते का हो?"

"डोळ्यांचं काही नाही ताई," त्या म्हणाल्या, "गुडघ्यांनी आणलाय वैताग."

आत्या इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. मग दोघी बराच वेळ तेल, शेक आणि गोळ्या यांवर बोलत राहिल्या. मला पाणी आणायला पिटाळलं. परत आलो तेव्हा त्या बाई आत्याचं बोट धरून स्वतःच्या तळहातावर ठिपके कसे असतात ते दाखवत होत्या.

परतीची गाडी उशिरा आली आणि भरून आली. कसंबसं एका बाकावर टेकल्यावर मी विचारलं, "निघताना मुक्तीच्या देवळात एवढा वेळ काय मागत होतीस?"

"नजर मागितली. का मागू नये?" आत्या म्हणाली. "आणि ते ब्रेल नगरला कोण शिकवतं, तेवढं बघ."