शुद्ध जातीचं पिल्लू

परवा धाकट्या कन्येने पिल्लासाठी हट्ट धरला. "पप्पा, आणायचं तर शुद्ध जातीचंच. पांढरंशुभ्र. मिक्स नको." शुद्धलेखनाचे गुण कापण्यात ज्याची निम्मी नोकरी गेली, त्या मास्तराला हा हट्ट आवडायलाच हवा. पण कुत्र्यांविषयी वाचताना एक वेगळीच हकिकत हाती लागली.

इंग्लंडमध्ये एकेकाळी 'इंग्लिश व्हाइट टेरियर' नावाची जात होती. उंदीर-कोल्ह्यांमागे बिळात शिरणाऱ्या टेरियर कुत्र्यांतली पांढरी तेवढी निवडून शौकिनांनी ती प्रदर्शनांसाठी जोपासली. पांढऱ्याशी पांढरे जोडत गेले. रंग चोख उतरला. पण प्रकृती नाजूक झाली आणि पुष्कळ पिल्ले बहिरी निपजू लागली. कातडीला रंग देणाऱ्या पेशी कानाच्या आतल्या भागालाही लागतात. तिथे त्या नसल्या की ऐकू येत नाही. एकोणिसावे शतक सरता सरता ही जात नाहीशी झाली.

वंश मात्र उरला. बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स यांनी 1860 च्या सुमारास बुलडॉग आणि या टेरियरच्या संकरातून बुल टेरियर घडवला. अमेरिकेत 1893 साली मान्यता मिळालेला बोस्टन टेरियरही अशाच संकरातला. पांढऱ्या बुल टेरियरमध्ये बहिरेपण आजही आढळते. विसाव्या शतकात त्यात रंगीत कुत्र्यांचे रक्त मिसळले. त्या रंगीत बुल टेरियरमध्ये हा दोष फारच कमी.

कुत्र्यांचा न्याय माणसांना लावू नये, हे कबूल. पण 'शुद्ध' हा शब्द त्या रात्री मला टोचत राहिला. आमच्या आईच्या मराठीत कानडी शब्द सहज येतात. तिचे ऐकून नातही विचारते, "अज्जी, ऊट झालं?" मी लगेच टोकायचो, "जेवण म्हण!" नातीला टोकले तरी ते लागत होते आईला. माझ्यादेखत तिने बोलणेच कमी केले होते. हे मला सौ.ने सांगावे लागले. आणि ज्या 'अण्णा', 'अक्का' या हाकांवर आमचे घर चालते, त्या तरी कुठून आल्या? कानडीतूनच ना!

काल रात्री ताटावर बसण्याआधी मीच विचारले, "आई, ऊट झालं काय गं?" ती क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "नाही बाबा, तुझीच वाट बघत होते."

पिल्लाचे अजून ठरायचे आहे. पांढऱ्या रंगाची अट तेवढी कन्येने मागे घेतली आहे.