दात आंबणे

२०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. अंतर्गत परीक्षेचे गठ्ठे तपासत बसलो होतो आणि डावीकडच्या खालच्या दाढांमध्ये एकाएकी काहीतरी जाणवू लागले. कच्ची चिंच खाल्ल्यावर दात जसे होतात, तसे काहीसे. चिंच तर सोडाच, दुपारच्या जेवणानंतर मी पाण्याखेरीज काही घेतले नव्हते. चूळ भरली, पुन्हा गठ्ठा पुढे ओढला. तासाभराने ती जाणीव वरच्या दाढांत गेली होती. रात्री झोपताना ती होती, सकाळी दात घासताना नव्हती आणि दुपारी महाविद्यालयातून घरी येईपर्यंत पुन्हा हजर झाली होती. पुढचे सात महिने ती अशीच येत-जात राहिली.

तिला दुखणे म्हणता येत नव्हते, ही पहिली अडचण. एरवी दुखण्यासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. ठणका वेगळा, कळ वेगळी. गळू ठसठसते, काटा सलतो, पाठीत उसण भरते, पायाला मुंग्या येतात. व्हर्जिनिया वुल्फने १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑन बीइंग इल’ या निबंधात अशी तक्रार केली आहे की, हॅम्लेटचे विचार सांगायला समर्थ असलेल्या इंग्रजीपाशी हुडहुडी आणि डोकेदुखीसाठी मात्र शब्द नाहीत. हा निबंध वाचताना मला नेहमी वाटे, बाईंनी आमच्या आजीला संधिवाताविषयी बोलताना ऐकायला हवे होते. आता मात्र एवढ्या शब्दांच्या राशीतून मला माझा शब्द सापडेना. झिणझिण्या म्हणाव्या तर त्या इतक्या स्पष्ट नव्हत्या. बधिरपणा म्हणावा तर उलट दात आहेत याची जाणीव अवाजवी होत होती. शेवटी मी ‘आंबल्यासारखे’ या शब्दावर स्थिरावलो. माझ्या पुढच्या बऱ्याचशा वणवणीचे मूळ या शब्दात आहे, हे तेव्हा कळण्याचा संभव नव्हता.

पहिल्या दंतवैद्यांनी आरशाने, टोकदार सळीने आणि एक्स-रेने तपासले. कीड नाही, हिरड्या ठीक. ‘नेमके काय होते?’ या प्रश्नाला मी ‘दात आंबल्यासारखे वाटतात’ असे उत्तर दिले आणि त्यांची मान समाधानाने हलली. लिंबू, चिंच, कोकम, शीतपेये, आम्लपित्त अशी चौकशी झाली. मग त्यांनी मला नीट समजावून सांगितले. दातावरचे एनॅमल हा माणसाच्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याला स्वतःची संवेदना नसते. त्याखालच्या डेंटिनमध्ये अतिसूक्ष्म नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. एनॅमल झिजले किंवा हिरडी सरकून दाताचे मूळ उघडे पडले की थंड वा आंबट पदार्थाने हा द्रव हलतो आणि त्या हालचालीने आतली नस जागी होते. ही उपपत्ती स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रोम यांनी १९६० च्या दशकात पुढे आणली आणि आजही तीच सामान्यतः मानली जाते. मला संवेदनशील दातांसाठीची पेस्ट मिळाली. आंबट बंद झाले. घरात आमटीत आमसूल पडेनासे झाले आणि सगळ्या घराला माझ्या दातांची शिक्षा झाली.

याच काळात मी सुश्रुतसंहितेचे निदानस्थान उघडून बसलो. मुखरोगांच्या अध्यायात दातांचे जे विकार सांगितले आहेत, त्यांत कृमिदंताबरोबर ‘दंतहर्ष’ नावाचा एक विकार आहे. त्यात दातांना स्पर्श सोसत नाही. हर्ष म्हणजे इथे आनंद नव्हे. रोमहर्षातला हर्ष, शहारणे. दातांवर शहारा येतो ही कल्पनाच मला इतकी आवडली की पुढचे आठ दिवस मी भेटेल त्याला ती ऐकवत होतो. आम्हा भाषेच्या माणसांचे हे व्यसनच आहे. नाव मिळाले की निदान झाले असे आम्हाला वाटते. आईने मात्र सगळे ऐकून घेऊन विचारले, “अरे, पण थांबलं का?” आणि लवंगेची बाटली पुढे केली.

थांबले नव्हते. नोव्हेंबरात दुसऱ्या दंतवैद्यांकडे गेलो. खालच्या एका दाढेत पंधरा वर्षांपूर्वी भरलेले सिमेंट होते. संशयाला तेवढी जागा पुरली. रूट कॅनॉल करावे लागेल असे ते म्हणाले. मीही हुज्जत घातली नाही. खरे सांगायचे तर मला कुणीतरी काहीतरी ठामपणे करायला हवे होते. तीन बैठकांत दाढेतली नस काढली, पोकळी भरली, वर कॅप बसली. चार दिवस बरे वाटले. पाचव्या दिवशी, परीक्षा समितीच्या बैठकीनंतर, ती जाणीव परत आली. आणि आली ती नेमकी त्याच दाढेत. ज्या दातात आता जाणणारे काही उरलेच नव्हते, तो दात आंबत होता.

तो दिवस मला फार वाईट गेला. दुखण्यापेक्षा ‘हे खरे नाही की काय’ ही शंका अधिक छळते. घरचे काही बोलत नव्हते, पण त्यांच्या न बोलण्यातही मला अविश्वास ऐकू येऊ लागला. वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातल्या सायनसच्या अगदी लगत असतात, म्हणून नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. सायनस स्वच्छ होते. चेहऱ्याच्या आणि दातांच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेचे एक भयंकर दुखणे असते, असे वाचून दोन रात्री जागून काढल्या. ती शंका डॉक्टरांनी दोन मिनिटांत फेटाळली. त्या विकारात विजेचा झटका बसावा तशी कळ येते, काही क्षणच टिकते आणि बऱ्याचदा वाऱ्याच्या झुळुकीनेही उठते. माझे तसे नव्हते. माझे काय होते, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हते.

मार्चमध्ये एका दंतमहाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेलो. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेणारी एक मुलगी होती. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाहून फार मोठी नसेल. तिने माझी फाईल बाजूला ठेवली आणि विचारले, “काय होतं सर?” मी सवयीने म्हणालो, “दात आंबतात.” ती म्हणाली, “आंबतात म्हणजे कसे? आंबट खाल्ल्यावर आंबतात तसे, की दिवसभर रान खुरपल्यावर अंग आंबतं तसे?”

मी गप्प झालो. वीस वर्षे मराठी शिकवतो आहे. अनेकार्थी शब्दांवर दरवर्षी एक तास घेतो. आंबणे म्हणजे आंबट होणे, आणि आंबणे म्हणजे श्रमाने अंग शिणून ठणकणे, हे दोन्ही अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहेत. तरी सात महिन्यांत मी स्वतःच्या वाक्याचा दुसरा अर्थ एकदाही वाचला नव्हता. सकाळी काही नसते आणि दिवस चढत जातो तसे वाढते, हेही मी प्रत्येकाला सांगितले होते. ती आंबटाची लक्षणे नव्हतीच. ती श्रमाची लक्षणे होती.

तिने माझ्या गालावर, जबड्याच्या कोनापाशी, दोन बोटे ठेवली आणि दाबले. खालची दाढ आंबली. मग कानशिलावर दाबले. वरचे दात आंबले. दातांना तिने हातही लावला नव्हता. चावण्याच्या स्नायूंत शिणवट्याने गाठीसारखे ताठर बिंदू तयार होतात आणि त्यांचे दुखणे स्नायूत न जाणवता दूर, दातांत जाणवते. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सिमन्स या दोन डॉक्टरांनी १९८३ साली अशा बिंदूंचे आणि त्यांच्या दूरच्या वेदनांचे नकाशेच ग्रंथरूपाने दिले. माझ्या गालाच्या आतल्या बाजूला दातांच्या रेषेत उमटलेला पांढरा वळ आणि जिभेच्या कडेवरचे दातांचे ठसे तिने मला आरशात दाखवले. “रात्री दात खाता का?” माझी पत्नी सोबत होती, ती नाही म्हणाली. “मग दिवसा खात असाल. आत्ता तुमचे वरचे-खालचे दात टेकलेले आहेत का?” टेकलेले होते. नुसते टेकलेले नव्हते, आवळलेले होते.

दात टेकलेले नसावेत, ही माहिती मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मिळाली. ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ टाळूला हलकेच लागलेली, ही तोंडाची विसाव्याची अवस्था. चावणे-गिळणे धरून चोवीस तासांत वरचे-खालचे दात एकमेकांना भिडतात ते जेमतेम वीस मिनिटे, असे मानले जाते. उरलेल्या वेळी त्यांच्यात दोन-चार मिलिमीटरचे अंतर असते. त्या अंतरातच स्नायू विश्रांती घेतात.

पंधरा दिवस दर तासाला मोबाइलचा गजर लावायचा, दात टेकलेले आहेत का ते पाहायचे आणि त्या वेळी काय करत होतो ते लिहायचे, असे काम तिने दिले. प्रात्यक्षिकाची वही असावी तशी मी ती वही भरली. शेवटी ती एखादी संहिता वाचावी तशी वाचायला बसलो. वर्गात शिकवताना कुठेही ‘टेकलेले’ नव्हते. दात आवळून बोलताच येत नाही. जेवताना, फिरताना नव्हते. पेपर तपासताना होते. प्राध्यापक-कक्षात होते. बैठकीत तर दरवेळी होते. ‘काय करत होतो’ या रकान्यात एक शब्द पुनःपुन्हा आला होता: ऐकत होतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी; ती मी डॉक्टरांना सांगितली नव्हती. २०२३ च्या जूनमध्ये कार्यभार ठरवण्याची बैठक झाली. तृतीय वर्षाच्या विशेष मराठीला चौदा मुले होती. दोन वर्ग एकत्र केले तर तास वाचतात, असा हिशेब मांडला गेला. ते तास आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका तरुण सहकारी बाईंचे होते. त्या उत्तम शिकवत. वर्ग एकत्र करणे मुलांच्याही हिताचे नाही, हे मला माहीत होते आणि ते बोलण्याचा अधिकार त्या खोलीत फक्त मला होता. मी ऐकत राहिलो. मूग गिळून बसायचे तर दात मिटावेच लागतात. कागद आला, सही केली. दुसऱ्या दिवशी बाईंनी जिन्यात विचारले, “सर, सही तुमचीच आहे ना?” मी “हो” म्हणालो आणि वर्गावर गेलो.

त्या सहीमुळे माझे दात आंबले असे म्हणण्याचा मोह मला होतो, आणि तो मी टाळतो आहे. सूझन सॉन्टॅगने १९७८ च्या ‘इलनेस अॅज मेटाफर’मध्ये रोगाला रूपक करण्यातला धोका दाखवून दिला आहे. रोगाचा अर्थ लावण्याच्या नादात आपण रोग्याला दोषी करतो आणि रोगाकडे पाहायचे विसरतो. डॉक्टर मुलीनेही एकच कारण शोधू नका असे बजावले होते. संगणकासमोर पुढे काढलेली मान, रात्रीपर्यंत तपासलेले गठ्ठे, चहाचे प्रमाण, जबड्याची ठेवण, ताण, सगळेच थोडे थोडे असते. ‘दातओठ खाणे’ हा वाक्प्रचार मराठीत आहे म्हणून माझे निदान सिद्ध होत नाही. पण वहीतला तो रकाना मी भरला आहे, आणि तो खोडता येत नाही.

उपचार अगदी साधे होते. गालाला शेक, जबड्याचे सोपे व्यायाम, काही दिवस कडक पदार्थ वर्ज्य आणि गजर वाजला की दात सोडणे. तीन महिन्यांत जाणीव बरीच ओसरली. आता महिन्यातून एखाद्या वेळी येते. आली की मी आधी खांदे आणि जबडा सोडतो. आमटीत आमसूल परत आले आहे.

२०२४ च्या जूनमधल्या बैठकीत मी बोललो. माझा विरोध इतिवृत्तात नोंदवला गेला. वर्ग मात्र एकत्रच राहिले. त्या संध्याकाळी मी बाईंना फोन केला. त्या आता एका शाळेत शिकवतात. मी म्हणालो, “त्या दिवशी सही माझीच होती. आणि मी बोलायला हवं होतं.” त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुम्ही बोलला असतात तरी तास गेलेच असते सर. पण मला घरी जाताना बरं वाटलं असतं.”

दातांतून इतर सगळे गेले. ती कॅप घातलेली दाढ तेवढी राहिली आहे. तिच्यात काहीच बिघाड नव्हता. घास चावताना ती अजूनही जराशी परकी वाटते.