पोटात पोलाद

सुऱ्यांबद्दल लिही, असं दोघातिघांनी सांगितलं होतं. आमच्या आईला मात्र हा विषय मुळीच आवडणार नाही. ती हा ब्लॉग नेमाने वाचते, म्हणून आधीच सांगतो: आई, तुझ्या नातीची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत!

इथे स्वीडनमध्ये दहा-अकरा वर्षांच्या पोरांच्या हातात सुरी दिसली तर कुणी दचकत नाही. जंगलात जायचं, लाकूड तासायचं, शेकोटी पेटवायची. दालार्ना प्रांतातल्या मोराजवळ ओस्टनूर गावात १८९१ पासून सुऱ्या बनतात. तिथल्या काही पात्यांत, तसंच नॉर्वेच्या होल्मेडालमधल्या हेल्ले कारखान्याच्या बऱ्याच पात्यांत, पोलादाचे तीन थर असतात. मधे कडक पोलाद, दोन्ही अंगांना मऊ. पात्यावर नीट पाहिलं तर धारेच्या वर दोन्ही थरांची नागमोडी सीमा दिसते.

कारण साधं आहे. पोलाद जितकं कडक, तितकी धार टिकते; पण तितकंच ते ठिसूळही होतं. पातं वाकलं की सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या अंगाला बसतो, मधल्या भागाला कमी. म्हणून बाहेर मऊ पोलाद ठेवायचं. ते वाकेल, पण तुटणार नाही. शिवाय मऊ भाग दगडावर लवकर घासला जातो, त्यामुळे धार लावायलाही सोपं. आपल्याकडे कुऱ्हाडीला धारेपुरतं पोलाद जोडायचे, त्याच जातीचा हा विचार.

जानेवारीत लेकीने गोठलेल्या पाइनच्या गाठीत सुरी घालून पिरगाळली आणि धारेचे दोन बारीक कपचे उडाले. ती रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, तू तर म्हणालास ही तुटत नाही!"

खरं म्हणजे प्रश्न बरोबर होता. पातं तुटलं नव्हतंच. पण धारेवर मऊ थर नसतातच! धार लावताना ते घासून निघून जातात, आणि लाकडाला भिडतं ते एकटं मधलं पोलाद. तिथे बाजूच्या थरांचा काही उपयोग नाही. तिथे कामाला येतो तो मधल्या पोलादाचा चिवटपणा, त्याला पाणी कसं दिलंय ते, आणि धारेचा कोन. या सुऱ्यांचा कोन साधारण २५ अंशांच्या आसपास. तासायला सुरेख, पण गाठीत पिरगाळायला नाजूक. त्यात कडाक्याच्या थंडीत पोलाद आणखी ठिसूळ होतं.

स्वीडिश हवाई दलाने १९९५ मध्ये वैमानिकांसाठी घेतलेली फेल्क्निवेन एफ१ पाहा. तिचं पातं ४.५ मिलीमीटर जाड, आणि धार बाहेरच्या बाजूला किंचित फुगीर. पुढे तिचं पातंही थरांचं झालं, पण धार सांभाळते ती मुख्यतः त्या फुगीरपणामुळे. अर्थात तिने लाकूड इतकं अलगद तासता येत नाही. एक हवं तर दुसरं थोडं सोडावं लागतं.

फेब्रुवारीत लेकीची बर्फातली दोन रात्रींची सहल होती. नवी, जाड सुरी घ्यायची की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. बायकोचं म्हणणं, सुरीच नको. शेवटी जुनीच दिली. कपचे जाईपर्यंत लेकीने ती स्वतः दगडावर घासली, दोन संध्याकाळी. मग अगदी टोकाला जरासा बोथट कोन दिला, डोळ्यांना दिसणारही नाही इतका. आणि दोन नियम: थंडीत आधी पातं कोटाच्या आत धरून थोडं उबदार करायचं, आणि गाठ दिसली की लाकूड फिरवायचं, सुरी नाही.

सुरी परत आली, धार जशीच्या तशी. पण मला जास्त बरं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीने. सहलीत एका मित्राची सुरी गाठीत अडकली, तेव्हा हिने त्याला पिरगाळू दिली नाही म्हणे. लाकडावर हलकेच ठोकून सरळ बाहेर काढायला लावली.

आता आई, तूच सांग, हिच्या हातात सुरी द्यायची की नाही?